दाराचा लिलाव

तारीख: ऑक्टोबर १९८५, पहिला रविवार. वेळ: सकाळची उपासना आटोपल्यावर. जागा: चर्चचं तळघर, स्वयंपाकघराशेजारची खोली, जिथे बॉयलर घोरतो.

हजर: फादर बिल. मिसेस व्हिटेकर, नवागत स्वागत समितीच्या अध्यक्ष. वॉल्टर, भांडी विभाग. रूथमावशी साळवे, दार. मी, इतिवृत्त लिहायला.

गैरहजर: ज्यांच्याबद्दल बोलायचं होतं ते तरुण जोडपं. ते एकदाच आलं आणि पुन्हा कधी फिरकलं नाही. सभेचा विषय तोच होता.

आमच्या सभा अर्थातच इंग्रजीत चालत. इथे मी सगळ्यांना मराठीत बोलायला लावलं आहे.

"रूथ," मिसेस व्हिटेकर अतिशय सौम्यपणे म्हणाल्या, "तुम्ही त्या दोघांना विचारलंत की मूल का नाही?"

"विचारलं."

"पण का?"

"दिसत नव्हतं म्हणून."

फादर बिल यांना खोकला आला.

"आणि त्या बाईच्या हातात तुम्ही बटाटे दिलेत. पहिल्याच भेटीत."

"हात रिकामे होते तिचे."

"तिचा नवरा वकील आहे, रूथ."

"सांगितलं त्यानं. म्हटलं, असू दे, उंच आहेस. कोट वरच्या खुंट्यांना लाव."

वॉल्टर मोठ्याने हसला. मी इतिवृत्तात लिहिलं: चर्चा झाली.

आमचं गाव मिशिगनमध्ये, ॲन आर्बरच्या शेजारी. ॲन आर्बरला विद्यापीठ, झाडं आणि पुस्तकांची दुकानं. आमच्याकडे गाड्यांच्या सुट्या भागांचे कारखाने, आणि त्यांतले निम्मे तेव्हा बंद पडलेले. चर्च एपिस्कोपल, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची अमेरिकेत वाढलेली लेक. रूथमावशी नगर जिल्ह्यातल्या ज्या चर्चमध्ये वाढली, त्याची ही चुलत बहीण. दार लालभडक. दर रविवारी उपासनेनंतर तळघरात, येईल त्याला फुकट जेवण. चर्चच्या पत्रकावर दर आठवड्याला छापलेलं असे की हे मंडळ गरिबांच्या सेवेला बांधलेलं आहे. मावशी ते पत्रक हातात घेऊन म्हणायची, "छापलंय ना? मग झालं. आता कांदे कोण चिरणार तेवढं छापा."

मी त्या चर्चची सभासद नव्हते, आजही नाही. माझ्या घरी गणपती आहे आणि आमचं बरं चाललं आहे. मग मी तिथे कशी, तर बसमुळे.

पुण्यात मी एका कॉलेजच्या कचेरीत हेडक्लार्क होते. पन्नास माणसांच्या रजा मला तोंडपाठ असत. इथे व्हिसावर माझा हुद्दा एवढाच: नवऱ्यावर अवलंबून. नवरा ॲन आर्बरच्या एका लॅबमध्ये, गाडी त्याच्याकडे. मी फ्रिजवर याद्या लावायची आणि बसची वाट बघायची. एका जानेवारीत, रविवारी, बस काही येईना. वाऱ्याने कान गळून पडायची वेळ आली, तेव्हा मी स्टॉपसमोरच्या चर्चच्या पायऱ्या चढून दाराच्या आडोशाला उभी राहिले आणि पुटपुटले, "मेली बस."

लाल दार आतून उघडलं. समोर एक ठेंगणी बाई. सहावारी साडी, वर पुरुषी स्वेटर, पायात नर्सचे पांढरे बूट.

"मेली नाही, येती. रविवारी उशिरा येती. कुठली गं तू?"

इतक्या थंडीत नगरी मराठी ऐकून मला रडूच यायचं, पण तिने वेळ दिला नाही.

"पुण्याची," मी म्हणाले.

"ते दिसतंच आहे. गोठून मरशील, पण दुसऱ्याच्या दाराला हात लावायची नाहीस. लग्न?"

"झालंय."

"नवरा?"

"लॅबमध्ये."

"रविवारी? मग झालंय कशाला म्हणतीस. मटण खाती?"

"नाही. आणि मी ख्रिश्चन पण नाही."

"कांदे तरी कुठं आहेत? चल आत."

खाली माझ्या हातात सुरी आली. तळघराच्या उंच खिडकीतून माझी बस जाताना दिसली. मी उठले तशी ती म्हणाली, "जाऊ दे. बस परत येती. चिरणारं माणूस परत येत नाही."

मी मात्र पुढच्या रविवारी गेले. त्यांच्या स्वयंपाकघराला वेळापत्रक नव्हतं, आणि ते माझ्या डोक्यातून जाईना. वेळापत्रकापाठोपाठ सभांचं इतिवृत्तही माझ्याकडे आलं.

नव्या माणसाबद्दल मावशीचा एक सिद्धान्त होता. "पाहुणा आला की बसतो. बसला की बघतो. बघितलं की नावं ठेवतो. म्हणून त्याला बसूच द्यायचं नाही." त्यामुळे आमच्याकडे नव्या माणसाला कॉफी मिळत नसे, काम मिळे. कॉफी काम झाल्यावर.

तीस वर्षं नर्स होती ती, आधी तिकडे मिशनच्या दवाखान्यात, मग ॲन आर्बरला. त्यामुळे माणसं तिच्या लक्षात नावाने राहत नसत, दुखण्याने राहत. एक बाई गुडघा, एक पित्त, एक जुना दमा. फादर बिल यांना ती तोंडावर फादर म्हणे आणि माझ्याशी बोलताना सपाट पाय. मी पुणं. "ए पुणं, ती यादी आण." उपासनेत एक वेळ अशी येते, जेव्हा सगळे एकमेकांचा हात धरून "शांती असो" म्हणतात. मावशी हात धरायची तो मनगटाशी. डोळे मिटून नाडी मोजायची, आणि म्हणायची, "शांती असो. मीठ कमी कर." लोकांना वाटे ती फार भाविक आहे.

फादर बिल यांना गिटार वाजवायला आवडे आणि प्रवचन आवरायला आवडत नसे. ते फार लांबलं की मावशी मागच्या बाकावरून उठून जिन्याकडे निघे. पांढरे बूट फरशीवर करकरत. ती करकर म्हणजे डाळ खाली लागते आहे, हे फादरना कळलेलं होतं. ते आमेनवर यायचे.

मला तिने धर्माबद्दल एक शब्द कधी विचारला नाही. न राहवून एकदा मीच म्हटलं, "मावशी, तुम्ही मला कधी बाप्तिस्मा घे नाही म्हणालात."

"तुझ्या गणपतीनं एवढी वर्षं तुला सांभाळलं. आता मी मधी पडून त्याला कामावरून काढू? इथं आधीच निम्मं गाव बेकार आहे."

वय, पगार, सासू, मूळव्याध, काहीही विचारायला तिला संकोच नव्हता. फक्त एक प्रश्न ती विचारत नसे: उपासनेला आलात की जेवायला? "कशाला आलास, हे दवाखान्यात विचारतात. देवाच्या दारात नाही. इथं ज्याचं त्याला तरी कुठं ठाऊक असतं?"

न विचारल्याने घोळ व्हायचे. सर्वांत मोठा घोळ माझ्यासमोर झाला. एके रविवारी फाटक्या जाकिटातला एक दांडगा माणूस लाल दाराने आत आला. मावशीने त्याला पुढच्या बाकावर बसवलं, कारण तिथे हीटर आहे. तेवढ्यात शास्त्रपाठ वाचणाऱ्या बाई आजारी असल्याचा निरोप आला. मावशीने बायबल उचललं आणि त्या माणसाच्या हातात दिलं. "खूण केलीये तिथून वाच. मोठ्यानं."

तो होता वॉल्टर. सीट बनवणाऱ्या कारखान्यात युनियनचा पुढारी, आता कारखाना बंद. आवाज गेटसभेचा. त्या दिवशीच्या उताऱ्यात जुन्या राजांची लांबलचक नावं होती. वॉल्टरने हजेरी घेतल्यासारखी एकेकाला हाक मारली; उच्चार न जमलेले दोन-तीन राजे गैरहजर धरले. संपवून त्याने वर बघितलं आणि त्याच आवाजात विचारलं, "आता जेवण कुठे मिळतं?"

वाचन संपलं की सगळ्या मंडळीने एका सुरात उत्तर द्यायचं असतं. सवयीने दिलं: "देवाचे आभार मानतो."

त्याच सकाळी, उसवलेल्या कोपरांचा कोट घातलेले एक गृहस्थ प्रार्थनेसाठी आले होते. विद्यापीठात ग्रीक शिकवणारे प्राध्यापक. मावशीने त्यांना तळघरात नेलं, आमटी वाढली, दुसऱ्यांदा वाढली आणि दानातला एक कोट त्यांच्या अंगावर चढवला. भिडस्त माणूस, त्यांनी सगळं मुकाट्याने घेतलं. पुढच्या रविवारी तोच कोट घालून परत आले. वॉल्टरही आला.

मी म्हटलं, "मावशी, केवढी चूक झाली!"

"कुठं चूक? एकाला बोलायचं होतं आन् एकाला भूक होती. त्यांचं त्यांना ठाऊक नव्हतं, एवढंच."

मिसेस व्हिटेकर यांना मात्र हे विनोदी वाटत नव्हतं, आणि त्यांच्याबद्दल मी वाईट लिहिणार नाही. त्या घरं विकत. भिंतीला नाक लावून ओल ओळखत. चर्चचं छप्पर त्यांनीच हिंडून फिरून बदलून घेतलं होतं, आणि म्हातारा बॉयलर उद्या गेला तर कोणाकडे जायचं, हे फक्त त्यांच्या डोक्यात असे. त्यांच्या मते वकील जोडपं पळालं, म्हणजे अर्धा बॉयलर पळाला.

तर त्या ऑक्टोबरच्या सभेत त्यांनी प्रस्ताव मांडला. दारात एक टेबल. त्यावर कॉफी, नावाचे स्टिकर, चर्चचं चित्र असलेला मग. आणि टेबलामागे एक हसतमुख व्यक्ती, जिने खाजगी काहीही विचारायचं नाही. फक्त एवढंच: आपण उपासनेसाठी आलात की जेवणासाठी? जेवणासाठी आलेल्यांना मागचं दार दाखवायचं.

"त्यांच्याच सोयीसाठी," त्या म्हणाल्या. "मागचा जिना थेट स्वयंपाकघरात उतरतो."

मावशीने एप्रनला हात पुसले. "मागच्या दारानं आमच्या गावी आम्हालाच बोलवायचे, बाई. पाणी वरून ओतायचे. सोय होती म्हणायचे."

बॉयलर घोरत राहिला. मिसेस व्हिटेकर यांचा चेहरा लाल झाला, पण त्या मागे हटणाऱ्यांतल्या नव्हत्या. "त्याचं मला वाईट वाटतं, रूथ. पण नवी माणसं टिकली नाहीत, तर पुढच्या हिवाळ्यात इथे दारच नसेल, ना पुढचं ना मागचं."

"दोघींचंही बरोबर आहे," फादर बिल म्हणाले. हे त्यांचं आवडतं वाक्य.

"दोघींचं बरोबर असतं तर भांडलो कशाला असतो, फादर? लिलाव करा."

मग तिने समजावून सांगितलं. नगरकडे कापणीच्या सणाला लोक शेतातलं काहीबाही चर्चमध्ये आणतात आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. एका अंड्यावर सगळं गाव बोली लावतं; घेणारा ते परत देतो आणि ते पुन्हा लिलावात येतं. "आन् भांडण मिटत नसलं, तर भांडणाची वस्तूच लिलावात टाकायची." हे शेवटचं खरं की तिथल्या तिथे रचलेलं, मला अजून माहीत नाही.

"म्हणजे पैशांनी?" मिसेस व्हिटेकर.

"पैशानं असतं तर तुम्हीच घेतलं असतं. वॉल्टरनं काय खिशातून भोकं काढायची? बोली कामाची. भांडी घासायची. कोण किती दिवस घासणार, ते बोला."

ठराव मंजूर झाला. मावशीचं दार पणाला लागलं, आणि लावणारी तीच.

महिनाअखेरच्या रविवारी तळघरात टेबलं मांडली. भोपळे, सफरचंदं, प्राध्यापकांनी पोत्यात आणलेला एकच कोबी, माझ्या खिडकीतली कोथिंबिरीची कुंडी. जेवायला आलेले, प्रार्थनेला आलेले, सगळे एकत्र दाटीवाटीने उभे. मावशी खुर्चीवर चढली, हातात आमटीचा डाव. कोबी दोन रविवारच्या झाडलोटीला गेला. माझी कोथिंबीर फादर बिल यांनी घेतली आणि गिटारीच्या पेटीवर ठेवली. मावशीने डाव कढईवर आपटला.

"आता दार. ज्याचं होईल त्यानं तिथं काय वाटंल ते करावं. टेबल मांडा, मग वाटा, प्रश्न विचारा. मी हूं की चूं करणार नाही. बोला."

"थँक्सगिव्हिंगपर्यंत!" वॉल्टर. तो मावशीसाठीच बोलत होता, हे सगळ्यांना कळत होतं.

"नाताळपर्यंत," मिसेस व्हिटेकर.

"ईस्टरपर्यंत!"

"बर्फ वितळेपर्यंत."

यात उशिरा काय येतं, यावर वाद झाला. मिशिगनमध्ये त्याची खात्री देवालाही नाही. निर्णय माझ्याकडे आला. मी म्हटलं, बर्फ. वॉल्टरने माझ्याकडे असं बघितलं, जसं कारखान्यातल्या मॅनेजरकडे बघत असेल.

"मे महिन्यापर्यंत!" तो ओरडला.

"जूनमध्ये शाळांना सुट्टी लागेपर्यंत," मिसेस व्हिटेकर म्हणाल्या. आयुष्यभर घरं विकलेली बाई. समोरचा कुठे थांबणार, हे तिला दिसतं.

वॉल्टरने तोंड उघडलं आणि मिटलं. उन्हाळ्यात त्याला शेजारच्या ओहायो राज्यात काम लागायची आशा होती. गावात असणार नाही त्या दिवसांचा शब्द त्याला देता येईना. त्याने मावशीकडे बघितलं. मावशी दुसरीकडे बघत होती.

"एक वार," ती म्हणाली. "दोन वार." डाव कढईवर पडला. "दार व्हिटेकरबाईंना."

टाळ्या झाल्या, ओल्या फटाक्यासारख्या. मावशी खुर्चीवरून उतरली, एप्रन सोडून नीट घडी घातली आणि खिडकीखाली जाऊन बसली. तळघरात तिला बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

मला रडायचं असलं की मी वेळापत्रक करते. म्हणून मी लगेच करायला घेतलं. दार: मिसेस व्हिटेकर, साडेनऊपासून उपासना सुरू होईपर्यंत. भांडी: मिसेस व्हिटेकर. आमच्याकडे मोठी पातेली दोनच. पहाटेच्या शिजवणीतून ती साडेनऊला मोकळी होतात, आणि भात चढायच्या आत घासून लागतात. म्हणजे भांडी: साडेनऊपासून उपासना सुरू होईपर्यंत. मी दोन्ही रकाने पुन्हा तपासले. मग कागद घेऊन खिडकीशी गेले.

"मावशी, हे दोन्ही एकाच वेळी येतंय."

"काय सांगती!" तिने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "मग त्या आधी घासू देत. बोली म्हणजे बोली. दाराचं शाळा सुटल्यावर बघू. तोवर राहते मी उभी. तात्पुरती." आणि एप्रनची घडी मोडून तिने कमरेला गाठ मारली.

मिसेस व्हिटेकर यांना मी कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. "मी आयुष्यभर करारातला बारीक मजकूर वाचत आले," त्या म्हणाल्या. पण शब्द फिरवला नाही. पुढच्या रविवारी गुलाबी रबरी मोजे घालून नळापाशी हजर.

त्यांनी आल्याआल्या वॉल्टरला कामाला लावलं, मोरीचा पाइप बदलून घेतला आणि पातेलं आधी भिजवावं की नाही, यावर त्याच्याशी जे भांडण सुरू केलं, ते बर्फ वितळलं तरी मिटलं नाही. हळूहळू जिन्यावरून कोण उतरतंय, हे त्यांना पावलांवरून कळायला लागलं. कोणाला दात नाहीत, कोणाला डाळ चालत नाही, हेही.

ईस्टरच्या सुमारास एक बाई सुटकेस घेऊन अर्धा जिना उतरली आणि थबकली. मावशी वर दारात होती. मिसेस व्हिटेकर यांनी मान वर केली. प्रश्न त्यांच्या ओठावर आलेला मला स्पष्ट दिसला.

"आपण..." त्या म्हणाल्या. हातातल्या पातेल्याकडे बघितलं. "आपण जरा ही कड धरता का? एकटीला उलटं होत नाही."

बाईने सुटकेस खाली ठेवली.

जूनमध्ये शाळा सुटल्या. दार आता हक्काने त्यांचं होतं. मी तशी नोंद करून त्यांना आठवण दिली. "येईन ना वर," त्या म्हणाल्या. "माझ्या जागी नीट घासणारं कोणी मिळू दे. वॉल्टरवर सोडता येत नाही, तो बुडं काळीच ठेवतो." वॉल्टरचं ओहायोतलं काम लागलं नाही, काळ्या बुडांचा आरोप मात्र त्याच्यावर कायमचा लागला. बॉयलरसाठी त्या अजून हिंडत आहेत. वकील जोडपं काही परत आलं नाही. सगळंच जमत नाही.

मावशी गेली १९८८ च्या शरदात. मुलगा कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला इंजिनियर, तिकडे राहायला चल म्हणून बरीच वर्षं मागे लागला होता. "तिकडं थंडीच नाही म्हणतो," ती कुरकुरली. "मग माणूस दुसऱ्याच्या दाराशी थांबंल कशाला?" निरोपाचा केक तिने आणू दिला नाही. निरोप पाहुण्याला देतात, म्हणाली. शेवटच्या रविवारीही ती साडेनऊला लाल दारात उभी होती. मुलगा भाड्याची गाडी घेऊन आवारात आला आणि काच खाली करून ओरडला, "आई, फ्लाइट मिस होईल!"

"आले रे." ती माझ्याकडे वळली. "ए पुणं, दार जरा धर. सामान ठेवून येते."

मी दार धरलं. ती पायऱ्या उतरली, आवार ओलांडायला लागली आणि मध्येच थांबली. झाडाखाली एक जुनी गाडी उभी होती. आत एकटाच माणूस, इंजिन बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तिने काचेवर टकटक केलं. ऐकू काही आलं नाही, पण ती काय विचारते आहे, हे मला ओठ न बघताही सांगता आलं असतं. माणूस बाहेर आला. तिने त्याचं मनगट धरलं, डोळे मिटून उभी राहिली. "आई!" मुलगा पुन्हा ओरडला. तिने एक हात वर करून त्याला गप्प केलं, मोजणं पुरं केलं, आणि त्या माणसाला बोट करून लाल दार दाखवलं. मग मुलाच्या गाडीत बसली. मागे वळून बघितलं नाही. पांढरे बूट तेवढे शेवटी आत ओढले गेले, आणि गाडीचं दार लागलं.

माणूस पायऱ्यांपाशी येऊन घुटमळला. माझ्या हातात दार होतं, वारा आत शिरत होता.

"कुठले आपण?" मी विचारलं. "लग्न झालंय?"

तेव्हापासून दर सभेच्या इतिवृत्तात शेवटचा विषय तोच असतो. दारासाठी कायमचा माणूस नेमणे. मिसेस व्हिटेकर म्हणतात, पातेल्यांना माणूस मिळाला की येते. फादर बिल म्हणतात, सगळ्यांचंच बरोबर आहे. मी लिहिते: बाकी, पुढच्या सभेत. आणि रविवारी, कोणी नेमलं जाईपर्यंत, दार धरते.